पाहुणे सगळ्यांचे, पंगत आमच्या शेतात

वायंगणकर (धागाकर्ता)

गोव्यात पेडण्याला आलेल्या ओंकार हत्तीच्या बातम्या २०२५ च्या सप्टेंबरात सगळ्यांनी वाचल्या असतील. सिंधुदुर्गाकडून आला, मोपा, तांबोसे, उगवेच्या बाजूला कापणीला आलेलं भात तुडवलं, केळी पाडल्या. बातम्यांत दोनच प्रश्न होते: त्याला हुसकवायचं कसं आणि भरपाई किती. मला तिसरा विचारायचा आहे. हा हत्ती कोणाचा? त्याच्या असण्याचा फायदा कोण घेतं, आणि तो ज्या रात्री एखाद्याच्या शेतात उतरतो त्या रात्रीचं बिल कोणाच्या नावे फाडायचं?

मी तिसवाडीतला. थोडी खाजन शेती आहे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली; पोटापाण्यासाठी हिशेब लिहितो. त्यामुळे हा विषय मला जमा-खर्चाच्या दोन बाजूंसारखाच दिसतो, आणि इथे जमा एकाच्या वहीत पडते, खर्च दुसऱ्याच्या.

करमळीच्या तळ्याचंच घ्या. नोव्हेंबरपासून तिथे तलवार बदकं येतात, थापटे येतात, अडया तर शेकड्यांनी, सगळी बदकंच. बघायला माणसं येतात, त्यांच्या गाड्या येतात, त्यांना घेऊन फिरणारे वाटाडे कमावतात, हॉटेलवाले कमावतात. त्यात वाईट काही नाही. पण वायंगणाचं, म्हणजे हिवाळी, भात त्याच महिन्यांत लावायचं असतं. अडई रात्री चरते. सकाळी पेरलेल्या कोपऱ्यात दाणा नसतो आणि चिखलात पावलंच पावलं. जांभळी पाणकोंबडी कोवळी रोपं बुंध्यातून तोडते, ती तर इथलीच, बारमाही. याचा पंचनामा कधी झालेला ऐकलात? हत्तीच्या पायाचा ठसा दाखवता येतो. पाच टक्के कमी आलेल्या भाताचा ठसा कसा दाखवणार?

कासवांची गोष्ट आणखी वेगळी. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ती अंडी घालायला येतात ते साधारण नोव्हेंबरपासून, म्हणजे ऐन पर्यटनाच्या हंगामात. कासव कोणाचं पीक खात नाही. तरी खर्च आहेच: त्या पट्ट्यात जी खाट मांडली नाही, जो शॅक उभा राहिला नाही, त्याचं न आलेलं उत्पन्न.

माझं म्हणणं एवढंच की आपण नुकसान झाल्यावर भरपाई देतो, आणि ती पद्धतच चुकीच्या जागी पैसे टाकते. द्यायचेच असतील तर जागा दिल्याबद्दल द्या, सोय ठेवल्याबद्दल द्या. नुकसान हा पुरावा मागू नका. पटतं का बघा. न पटल्यास झोडा.

दोडामार्गी

झोडत नाही, पण तिसवाडीच्या बदकांना आणि आमच्या हत्तीला एका पंगतीत बसवू नका. इकडे २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हापासून तिळारी खोऱ्यात एक पिढी संध्याकाळी सातनंतर बागेत जायला घाबरत मोठी झाली. माणसं मेली आहेत. हे टक्केवारीत मोजायचं नुकसान नव्हे.

भरपाईबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते खरं, आणि त्याहून वाईट आहे. माडाचं सांगतो. हत्ती माड पाडतो तो कोंब खायला. एका माडाचे ठरलेले पैसे मिळतात. आता समजा माड वर्षाला ऐंशी नारळ देतो आणि बागेतून नारळ वीस रुपयांना उचलला जातो. वर्षाचे सोळाशे. नवा उंच जातीचा माड लावला तर नीट धरायला सहा-आठ वर्षं. म्हणजे नुसतं वाट बघण्याचेच दहा-बारा हजार गेले. रोप, खड्डा, खत, पाणी, राखण वेगळी. आणि आठव्या वर्षी हत्ती परत येणार नाही याची हमी कोण देतो? म्हणून लोक माड परत लावत नाहीत. बाग पडीक ठेवतात, रान वाढतं, रानात हत्तीला लपायला जागा मिळते. भरपाईच्या तक्त्यात झाडाची किंमत आहे, झाडाच्या आयुष्याची नाही.

वायंगणकर

@दोडामार्गी, माडाचा हिशोब उचलून ठेवतो, माझ्या मनात होतं त्याहून नेमका आहे. आणि पंगतीचं म्हणणं मान्य. जिवाचा धोका असेल तिथे आधी धोका, मग हिशोब.

टिटवी

अवांतर वाटेल, पण "हा हत्ती कोणाचा" याचं कायद्यातलं उत्तर गमतीदार आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे रानटी प्राणी मेलेला सापडला तर तो राज्य सरकारची मालमत्ता. शिकार झाली तरी सरकारचाच, हस्तिदंत तर अर्थातच सरकारचा. जिवंत, मोकळा फिरणारा हत्ती मात्र त्या वाक्यात बसत नाही. मेल्यावर सरकारचा, जिवंत असेपर्यंत ज्याच्या शेतात त्याचा. 😀

(वकिली करते. हा सल्ला नव्हे.)

सत्तरीची_पोर

😀 हे आमच्या बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग गव्याचं काय?"

बाबांचा प्रश्न गमतीचा नाही. गवा आमचा राज्यप्राणी आणि सत्तरीत भातात तोच जास्त असतो. २०१६ मध्ये मोराला उपद्रवी ठरवायची चर्चा मंत्र्यांच्या पातळीवर झाली होती, आठवतं? देशभर हसू झालं. पण ज्यांची मिरची मोर टिपून नेतात ते हसले नव्हते.

मला कुंपणाबद्दल बोलायचंय. सौर कुंपणाला अनुदान मिळतं, चांगली गोष्ट. आमच्या वाड्यावर एकाने घातलं. त्याचं शेत वाचलं आणि सगळी जनावरं शेजारणीच्या शेतात. ती विधवा, एकटी, दोन वर्षांत शेत सोडलं. मग त्या पडीक जागेत झुडपं आली आणि कुंपणवाल्याच्या मागल्या बाजूने जनावरं यायला लागली. एकेकट्याला अनुदान देणं म्हणजे नुकसान पुढच्या दारात ढकलायला सरकारने पैसे देणं. द्यायचंच तर आख्ख्या वाड्याला एक कुंपण, आणि दुरुस्ती वाड्याने करायची.

दोडामार्गी

आणि हेच राज्याराज्यांत चालतं. कर्नाटकाने इकडे हाकलले, महाराष्ट्राने गोव्याकडे, गोव्याने परत बांद्याकडे. फटाके तिघांचे, पेट्रोल तिघांचं, रात्रपाळी तिघांची, हत्ती तेवढेच. २०१५ ला माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले, त्यातले काही मेले. आणि हत्ती येणं थांबलं? नाही थांबलं.

अबर्डीनकर

मूळचा डिचोलीचा, सध्या स्कॉटलंडात. धागा वाचून आयला बेटाची आठवण झाली. व्हिस्कीसाठी प्रसिद्ध आहे ते. तिथे ग्रीनलँडहून बार्नॅकल हंस हजारोंनी हिवाळा काढायला येतात आणि गुरांसाठी राखलेलं गवत फस्त करतात. तिथल्या व्यवस्थेत शेतकऱ्याला नुकसान सिद्ध करावं लागत नाही. करार करायचा, ठरलेल्या कुरणावर हंसांना बसू द्यायचं, पैसे घ्यायचे. म्हणजे वायंगणकर म्हणतात तेच, बरीच वर्षं चाललेलं.

पण त्याचा शेवट गोड झाला असं समजू नका. हंस वाढले, तसा खर्च वाढला. सरकारी तिजोरी तेवढीच. मग २०१४ पासूनच्या नव्या धोरणात हंसांची संख्या बंदुकीने कमी करायचं ठरलं, आणि पक्षिमित्र संस्था तक्रार घेऊन थेट युरोपियन कमिशनकडे गेल्या. राखलेलं, खत घातलेलं गवत हे हंसाला रानातल्या गवतापेक्षा चांगलं अन्न. तुम्ही जागेचे पैसे देता तेव्हा पाहुणे वाढवायचेही पैसे देत असता. हे गृहीत धरूनच योजना करावी लागते.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. स्वालबार्डहून येणारे गुलाबी पायांचे हंस नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स, बेल्जियम असे उतरत जातात. प्रत्येक देशाचं नुकसान वेगळं, नियम वेगळे; दोन देशांत शिकारीला परवानगी, दोघांत नाही. २०१२ मध्ये आफ्रिका-युरेशिया पाणपक्षी कराराखाली चौघांनी मिळून ठरवलं की ही संख्या साठ हजारांच्या आसपास ठेवायची. दरवर्षी मोजणी, त्यावरून किती मारायचे ते. किती हंस हवेत हा आकडा चार देशांनी एका टेबलावर बसून लिहिला, हे मला भारी वाटतं.

टिटवी

मारायचे किती हे टेबलावर ठरवणं तुम्हाला भारी वाटतं?

अबर्डीनकर

मारणं नव्हे हो, टेबल. चार सरकारं एका पक्ष्याबद्दल एकच आकडा मान्य करतात हे. आपल्याकडे हत्ती तीन राज्यांत फिरतो आणि तीन वनखाती तीन वेगवेगळी पत्रकं काढतात.

टिटवी

तेवढं मान्य. हत्ती त्या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे, त्यामुळे तो बंदुकीचा रस्ता इथे नाहीच. आणि मला तो नको आहे.

म्हापश्याचा_खवय्या

पूर्वी बदकाचं सुकं करायचे हो करमळीकडे. आजोबा सांगायचे. आर्थिक प्रश्न तव्यावरच सुटायचा. 🙈

संपादक मंडळ

वरील प्रतिसाद विनोद म्हणून ठेवला आहे. पाककृती कृपया विचारू नयेत.

गोंयकार_सॅक्रामेंटो

आमच्या इथे कॅलिफोर्नियात भाताची मोठी शेती आहे, सॅक्रामेंटो खोऱ्यात. नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने २०१४ पासून एक प्रयोग केला तो तुमच्या तळ्याला लागू पडेल बहुतेक. चिखलात चरणाऱ्या लहान पक्ष्यांना वसंतात काही आठवडेच ओली जमीन लागते, ते निघाले की गरज संपली. मग जमीन विकत कशाला घ्यायची? संस्थेने शेतकऱ्यांना सांगितलं, तुम्ही तुमच्या शेतात एवढे आठवडे एवढं पाणी ठेवायला किती घ्याल ते लिहून द्या. लिलाव, पण उलटा: कमी मागणाऱ्याला काम. आणि कुठल्या आठवड्यात कुठे पाणी हवं ते हौशी पक्षीनिरीक्षकांनी वर्षानुवर्षं टाकलेल्या नोंदींवरून काढलं.

गंमत म्हणजे बदकं तिथल्या शेतकऱ्याला नकोशी नाहीत. कापणीनंतर उरलेला पेंढा पूर्वी जाळायचे, त्यावर कायद्याने निर्बंध आले, मग शेतात पाणी सोडून कुजवू लागले. बदकं त्यात चरताना पेंढा तुडवतात, तो लवकर कुजतो. तोच पक्षी एका महिन्यात कामगार आणि दुसऱ्या महिन्यात चोर. त्यामुळे "पक्षी फायद्याचा की तोट्याचा" असं विचारण्यात अर्थ नाही. कुठल्या आठवड्यात, कुठल्या कोपऱ्यात, असं विचारा.

वायंगणकर

हे मला हवं होतं. आमच्याकडे नेमकं हेच आहे. सरद, म्हणजे पावसाळी भात, कापून झाल्यावर, वायंगण लावायच्या आधी, शेतात बदकं असली तर माझं काहीच जात नाही. पडलेला दाणा खातात, तणाचं बी खातात, विष्ठा टाकतात. लावणीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र तीच अडई मला नको असते. त्या आठवड्यांपुरती तिला दुसरी ओली जागा मिळाली तर भांडण नाही. गावात पडीक कोपरे आहेतच की. त्यात पाणी धरून ठेवायचे पैसे द्या, आणि आमच्या लावणीच्या कोपऱ्यात राखणदार ठेवायचे द्या. भरपाई नकोच.

खाजनी_माणूस

राखणदाराचा पगार कोण देणार ते आधी बोला.

याचं उत्तर बाहेर शोधायची गरज नाही, खाजनातच आहे. मानशीचं पहा. मानस म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करणारं दार, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्या दाराशी मासळी मिळते, तिची दरवर्षी पावणी होते, जो जास्त बोलतो त्याला हक्क. आणि तो पैसा कुळांच्या संघाकडे जातो, बांधाच्या डागडुजीला. बघा, मासळी कोणी पेरली नाही, ती नदीतून येते. पण ती इथे पोचते कारण बांध आणि दार कोणीतरी सांभाळलं. म्हणून उत्पन्न सांभाळणाऱ्याकडे वळवलं. बदकांनाही हेच लावा. तळ्यावर येणाऱ्या गाडीमागे, कॅमेऱ्यामागे काही घ्या आणि ते सरळ कुळांच्या संघाकडे. पंचायतीकडे नको, तिथून रस्त्याच्या डांबरात जातं.

एक इशारा. मानशीच्या पावणीनेच खाजनांचं वाटोळंही केलं आहे. मासळीचा पैसा भातापेक्षा जास्त झाला तेव्हा पावणी घेणाऱ्यांनी दार नको तेव्हा उघडं ठेवलं, खारं पाणी आत घेतलं, शेतं बुडाली, आणि मग बांध फुटला तरी कोणाला फिकीर नाही. एका बाजूचा पैसा फार वाढला की दुसरी बाजू मरते. बदकांचा पैसा भातापेक्षा वाढला तर उद्या भात लावणाराच नसेल, आणि दाणाच नसेल तर बदकं तरी कशाला येतील?

मोजपट्टी

तिकिटाने भागणार नाही. पक्षी बघायला येणारे मूठभर, आणि त्यांतले निम्मे रस्त्यावरून दुर्बीण लावणार. पक्ष्याची खरी किंमत न येणाऱ्या माणसांत वाटलेली असते. नाशिकच्या बाईला थापट्या जिवंत असावा असं वाटतं, ती करमळीला कधी येणार नाही, तिच्याकडून तिकीट घेता येत नाही. म्हणून हे शेवटी करातूनच यायला हवं.

आणि पैसा केंद्राकडून आलेला आहे! चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ठरवताना जंगलाच्या आच्छादनाला साडेसात टक्के वजन दिलं, पंधराव्याने वन आणि परिसंस्थेला दहा टक्के. म्हणजे जंगल राखल्याबद्दल राज्याला पैसे मिळतात. फक्त ते राज्याच्या एकत्रित तिजोरीत पडतात आणि तिथून त्यांचा वास विरतो. ज्या गावाच्या मागच्या डोंगरातून हत्ती उतरतो त्या गावाला त्यातला रुपया कशासाठी मिळाला हे कळत नाही. राज्य ते गाव, एवढाच तुकडा तुटलेला आहे.

अर्धवटराव_नव्हे

+१. आणि केंद्राचं ठरलेलं अनुग्रह अनुदान माणूस मेल्यावर दहा लाख, २०२३ अखेरपासून; पूर्वी पाच होतं. मेल्यावरचा दर दुप्पट झाला, जगताना राखण करायचा दर अजून ठरलेला नाही.

किनारपट्टी

इकडे कासवांचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. घरचा शॅक आहे, मोरजी-मांद्रे पट्ट्यात, जास्त नेमकं सांगत नाही.

२०११ च्या किनारी नियमावलीत आमच्या चार किनाऱ्यांची नावं छापली आहेत: मांद्रे, मोरजी, गालजीबाग, आगोंद. कासवांच्या मुख्य जागांवर बांधकाम-विकास नाही. ठीक. आम्हाला कासव नको असं नाही, माझ्या आजीच्या वेळी अंडी खायचे, आज आमच्याच वाड्यातली पोरं रात्री घरट्यावर राखण करतात. पण नियम वाळूवर लागू होतो आणि वाळूवर कोण असतं? आम्ही. मागे टेकडीवर ज्या मोठ्या हॉटेलाचे दिवे रात्रभर समुद्रावर पडतात त्याला कोणी विचारत नाही, आणि पिल्लं तर उजेडाकडेच जातात. मला पैसे नकोत. दिव्याचा नियम सगळ्यांना सारखा लावा, मग मी खाटा स्वतः उचलीन.

वेळासचं उदाहरण इथे कोणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगतो.

कोंकणकन्या_वेटिंग_लिस्ट

मी देणारच होते! 😀 वेळासला २००६ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी कासव महोत्सव चालवलाय. पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक पुण्या-मुंबईहून येतात, गावातल्या घरांत राहतात, मोदक खातात, पैसे थेट घरात. पूर्वी अंडी चोरीला जायची. गोव्यात का नाही?

किनारपट्टी

कारण वेळासला कासवाआधी रात्रीच्या मुक्कामाला कोणी येत नव्हतं. तिथे कासवामुळे आलेला प्रत्येक रुपया नवा. आमच्या किनाऱ्यावर तोच मीटर वाळू आधीच भाड्याने गेलेली आहे, आणि जमिनीचा भाव ऐकून तुम्ही पडाल. वेळासच्या घरात एका माणसाच्या राहण्या-जेवणाला जे मिळतं तेवढ्यात आमच्याकडे एक खाट दुपारपर्यंत जाते. कासव तेच, अंडी तेवढीच, जागेचा भाव वेगळा. मग तीच योजना कशी चालणार? गालजीबागला कदाचित चालेल, तिथे अजून गर्दी नाही. मोरजीला नाही.

वायंगणकर

@किनारपट्टी, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं असं वाटण्याइतकं चांगलं मांडलंत. एका दराने सगळीकडे पैसे दिले तर गालजीबागला जास्त होतील आणि मोरजीला कमी. सॅक्रामेंटोवाल्यांचा उलटा लिलाव याचसाठी.

रापणकाराचा_नातू

समुद्रातलं पण ऐका. कासव ट्रॉलरच्या जाळ्यात बुडून मरतं, श्वास घ्यायला वर येता येत नाही. जाळ्याला सुटकेचं दार लावलं तर ते निसटतं. अमेरिकेने असं दार नसलेल्या देशांची कोळंबी बंद केली म्हणून १९९० च्या दशकात भारत, मलेशिया, पाकिस्तान, थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले होते, १९९८ ला निकाल लागला. आणि २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी अमेरिकेने घ्यायची बंद केली, तळ्यातली चालते. आता बघा, दार लावायचा खर्च आणि थोडी मासळी सुटायची भीती ट्रॉलरवाल्याला. बाजार उघडला तर फायदा निर्यातदाराला. मग ट्रॉलरवाला का लावील? निर्यातदाराने त्याच्या किलोमागे चार पैसे जास्त द्यावेत, दार उद्या लागेल.

महाराष्ट्राने एक शहाणपणाचं केलंय. संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला, मच्छीमाराने जाळं कापून सोडला, त्याचा फोटो-व्हिडिओ दिला, तर कांदळवन प्रतिष्ठानाकडून पंचवीस हजारांपर्यंत जाळ्याचे पैसे मिळतात. २०१८ अखेरपासून. मेलेल्या कासवाचा पंचनामा नाही, सुटलेल्या कासवाचा फोटो. धागाकर्त्याला हेच म्हणायचंय ना?

वायंगणकर

शब्दशः हेच.

टिटवी

आणि कासव कोणाचं हा प्रश्न तर हत्तीपेक्षा अवघड. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेलं एक ऑलिव्ह रिडले २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडलं. गुहागरला उपग्रहाचा टॅग लावलेली बागेश्री दक्षिणेकडे आपल्या समोरूनच श्रीलंकेच्या बाजूला गेली. मोरजीच्या खाटवाल्याने वाचवलेलं पिल्लू मोठं होऊन कोणाच्या जाळ्यापर्यंत पोचेल कोण जाणे. त्याचा खर्च मोरजीला, फायदा मात्र कुठे जमा होईल ते सांगता येत नाही.

दोडामार्गी

सगळं ठीक. पण जागेचे पैसे द्या म्हणताय, त्यात एक पळवाट दिसते. शेती न करताच पैसे घेतील लोक. पडीक ठेवलं, हत्तीला जागा दिली म्हणून सांगितलं, मुंबईत बसून खात्यात रक्कम. जो बिचारा दिवे लावून राखण करतो तो मूर्ख ठरणार.

सत्तरीची_पोर

म्हणून कसणाऱ्यालाच, असं करायला हवं ना? पीक उभं आहे हे दाखवा, हंगामाच्या सुरुवातीला हप्ता घ्या. नुकसान झालं तर वर काही नाही, नाही झालं तरी परत मागायचं नाही. मग राखण केलीत तर वाचलेलं पीक तुमचंच, राखणीची हौस मरणार नाही.

मोजपट्टी

हे चांगलं आहे. भरपाईत राखण करणाऱ्याला तोटा होतो, कारण वाचवलेल्या पिकाचे पैसे मिळत नाहीत. ठरलेल्या हप्त्यात राखणीचा फायदा राखणाऱ्याकडे राहतो. पण माणसाच्या जिवाचं वेगळं ठेवा, आणि माडासारख्या झाडांचंही. तिथे एका रात्रीत वीस वर्षं जातात, हप्ता पुरणार नाही. तिथे विमाच लागेल, दोडामार्गींच्या हिशोबाने, झाडाच्या वयावर.

अबर्डीनकर

आणि वरची मर्यादा आधीच लिहा. आयलासारखं नको.

खाजनी_माणूस

नागालँडच्या पांगतीचं कोणी आणलं नाही? २०१२ पर्यंत दोयांगच्या पाण्याजवळ अमूर ससाणे जाळ्यात हजारोंनी धरून विकायचे. व्हिडिओ बाहेर आला, २०१३ पासून गावानेच बंद केलं. त्यात एक भाग सांगायचा राहून जातो: जाळी लावणाऱ्यांचं हंगामी उत्पन्न गेलं. ससाणा वाचला त्याचा फायदा मंगोलियापासून आफ्रिकेपर्यंत, हंगाम गेला तो पांगतीचा. पर्यटक येतात, घरांत राहतात, पण जाळीवाला आणि घरवाला एकच माणूस असतो असं नाही.

वायंगणकर

बरंच जमलं. यातून एक पानभर मजकूर करतोय, तळ्याच्या कुळांसाठी, येत्या ग्रामसभेत मांडायला. तीनच गोष्टी घालणार: लावणीच्या आठवड्यांत राखणदाराचा पगार, पडीक कोपऱ्यांत पाणी धरायला त्या कोपऱ्याच्या धन्याने स्वतः सांगितलेला दर, आणि कॅमेऱ्यावाल्यांकडून जे काही जमेल ते कुळांच्या संघाच्या खात्यात. हत्तीचं यात येत नाही, ते तीन राज्यांनी बसून करायचं काम आहे आणि ते ग्रामसभेच्या हातात नाही. @दोडामार्गी, माफ करा.

दोडामार्गी

माफी कसली. माडाचा हिशोब कुठे छापून आला तर कळवा, आमच्या तहसीलदाराला पाठवायचाय.

करमळीची_सून

मी नवीन सदस्य, वाचनमात्र होते. आमच्या शेताच्या एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर कोमुनिदादीचं, म्हणजे गावच्या सामूहिक जमीन-संस्थेचं नाव आणि कुळ म्हणून आजेसासऱ्यांचं. ते जाऊन जमाना झाला. कसतात माझे दीर. पडीक कोपरा आहे तो चुलत्यांच्या हिश्श्याचा, ते वास्कोला. मग पाण्याचा दर कोणी सांगायचा आणि पैसे कोणाच्या खात्यात?

वायंगणकर

तुमच्यासारखं अर्धं गाव आहे, बाय. भातासाठी कृषी कार्ड ज्याच्या नावावर तो, असं लिहितोय. पडीक कोपऱ्याला कार्डच नसतं, तिथे अडलोय. चुलत्यांना आधी फोन करा, पाणी धरायला ना-हरकत लिहून देतात का बघा. दिली तर तुमचा कोपरा पहिला धरू.

करमळीची_सून

करते. ते आधी विचारतील, बदकं किती देतात म्हणून.